बाप्तिस्मा आणि जात

अँग्लिकन पंथातील इव्हँजेलिकल प्रवाहाची चर्च मिशनरी सोसायटी १८२० साली मुंबईत आली. पुढे नाशिक-औरंगाबादकडे तिच्या प्रचारामुळे अनेक दलित कुटुंबे ख्रिस्ती झाली. १९७० साली या मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाल्या. पोटासाठी शहराकडे आलेले त्यांचे वंशज घाटकोपर-मुलुंडसारख्या उपनगरांतही विखुरले.

धर्म बदलला, तरी शेजाऱ्यांनी जात विसरली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध दलितांना तो मिळाला. ख्रिस्ती व मुसलमान दलित बाहेरच राहिले. ख्रिस्ती धर्म जात मानीत नाही, मग सवलत कशाला, असे विचारले जाते. शीख व बौद्ध धर्म तरी जात कोठे मानतात? रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची अट काढण्याचीच शिफारस केली होती.

अर्थात सोयरीक जुळविताना जात विचारणाऱ्या ख्रिस्ती मंडळींनीही आत्मपरीक्षण करावयास हवे. परंतु त्यासाठी न्याय थांबू नये. हा प्रश्न केवळ चर्चचा न मानता, उपनगरांतील कार्यकर्त्यांनी तो जातिअंताच्या लढ्याचा भाग म्हणून हाती घ्यावा.