सरकारी वकील कोणाचा?



थळहून अलिबागचं कोर्ट मिनीडोरच्या एका फेरीवर आहे. तरी आपल्या माणसाला तिथं जायचं म्हटलं की रात्रभर झोप लागत नाही. कोर्टात आपण कोणाकोणाला ओळखतो? हाक मारणाऱ्या पट्टेवाल्याला, बरोबर आलेल्या पोलिसाला आणि फी घेणाऱ्या खासगी वकिलाला. आणखी एक माणूस रोज तिथं उभा असतो. त्याच्याकडे आपण बघतही नाही. तो सरकारी वकील. "तो साहेबांचा मानूस, आपला काय संबंध?" असं म्हणून आपण बाजूने निघून जातो.

हा समज खोटा आहे. आणि तो खोटा राहिला तरच ज्यांचं भागतं, त्यांनी तो मुद्दाम जिवंत ठेवला आहे.

तो बसतो कुठे, करतो काय

तालुक्याच्या फौजदारी कोर्टात जो उभा राहतो तो सहायक सरकारी अभियोक्ता. तो लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन येतो, महिन्याचा पगार घेतो. अलिबागच्या सत्र न्यायालयात उभा राहतो तो जिल्हा सरकारी वकील आणि त्याचे सहकारी. सत्र न्यायालयात उभं राहायला किमान सात वर्षांची वकिली लागते. कायद्यात असं आहे की जिल्हाधिकाऱ्याने सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नावांची यादी करायची आणि त्यातून सरकारने नेमणूक करायची. ॲट्रॉसिटीच्या, म्हणजे अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या खटल्यांसाठी वेगळा विशेष सरकारी वकील असतो. या सगळ्यांचा पैसा सरकारी तिजोरीतून जातो. साबणापासून काडेपेटीपर्यंत जे आपण विकत घेतो त्यावरचा करही त्याच तिजोरीत पडतो.

आता नीट ऐका. तुम्ही फिर्याद दिली, पोलिसांनी आरोपपत्र कोर्टात घातलं, की कागदावर नाव येतं 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक'. तुमच्या बाजूने तो खटला चालवायचं काम सरकारी वकिलाचं. त्याची फी तुम्ही द्यायची नसते. हे माहीत नसल्यामुळे आपल्या किती घरांनी वीटभट्टीवाल्याकडून उचल घेऊन वकिलाला दिली आणि ती फेडायला पोरासोरांसकट पुढचा हंगाम चिखल तुडवला, त्याचा हिशेब प्रत्येक वाडीने आपला आपण करावा.

तुम्ही आरोपी असाल, वनखात्याने किंवा पोलिसांनी तुमच्यावरच केस टाकली असेल, तर मात्र सरकारी वकील समोरच्या बाजूला असतो. तेव्हा जायचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जमातीच्या माणसाला तिथं फुकट वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जातीचा पुरावा लागतो. या दोन दारांची गल्लत करू नका.

पाटी बदलली, दावं तेच

सरकारी वकील पोलिसांचा माणूस आहे असं आपल्याला वाटतं, त्याला कारण आहे. महाराष्ट्रात पूर्वी पोलीस प्रॉसिक्युटर असत. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सांगितलं की पोलिसाने खटला चालवायचा नाही. मग सरकारने काय केलं? त्याच पोलीस प्रॉसिक्युटरांना १ एप्रिल १९७४ पासून सहायक सरकारी अभियोक्ता असं नाव दिलं आणि लगाम पोलीस खात्याच्याच हातात ठेवला. एकवीस वर्षांनी, १९९५ साली, एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे चालणार नाही. अभियोक्त्यांचं खातं पोलिसांपासून वेगळं करा आणि त्याचा प्रमुख थेट सरकारला जबाबदार ठेवा.

का सांगितलं? कारण सरकारी वकिलाचं काम पोलिसांनी लिहिलेलं वाचून दाखवायचं नाही. पोलिसांचा तपास खरा की खोटा, पुरा की अर्धा, हे त्याने स्वतःच्या डोक्याने बघायचं. निरपराध माणसाला काहीही करून शिक्षा लागावी यासाठी झटणं हे त्याचं काम नाही. खरं कोर्टापुढे येऊ देणं हे त्याचं काम. आज अभियोग संचालनालय वेगळं आहे. पण ते गृह खात्यात आणि पोलीसही गृह खात्यातच. मग आपल्या गड्याच्या जामिनाला "आमची हरकत आहे" हे एकच वाक्य फाईल न उघडता ऐकू येतं, तेव्हा १९९५ चा निकाल कुठल्या कपाटात आहे, असं आपण विचारायला नको का?

हे आपण एका कचेरीचं किंवा एका माणसाचं नाव घेऊन बोलत नाही. मान मोडून काम करणारे सरकारी वकीलही आहेत. एकेकाच्या टेबलावर फायलींचा ढीग, आणि पोलिसाकडून कागद येतात त्याच दिवशी सकाळी. ही त्यांची अडचण खरी आहे. पण त्या अडचणीची किंमत प्रत्येक वेळी आपणच भरायची, हे आम्हाला कबूल नाही.

आपल्याला 'फितूर' कोण बनवतं

थळपासून आवास-सासवण्यापर्यंत जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. मुंबईच्या शेठला बंगला पाहिजे, त्याला वाडी नजरेसमोर नको. मग कुंपण पडतं, पाण्याची वाट अडते, झोपडी 'माझ्या सातबाऱ्यात आहे' असं सांगून पाडायची धमकी येते. आदिवासीला त्याच्या जमिनीतून, घरातून बेकायदा हुसकावणं, त्याच्या वनहक्काच्या वापरात अडथळा आणणं हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(ग) खाली गुन्हा आहे. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात वनहक्क हा शब्द स्पष्ट घातला. ती दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. कलम भक्कम आहे. तरी खटला कुठे मरतो?

तो साक्षीच्या दिवशी मरतो. भात झोडून झालं की आपली माणसं वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडाला परततात. समन्स वाडीवर येतं तेव्हा झोपडीला कुडाचं दार लावलेलं असतं. पोलीस शेरा मारतो, 'साक्षीदार मिळून येत नाही'. आलीच एखादी बाई, तर तीन वर्षांपूर्वीचा जबाब तिला कोणी वाचून दाखवलेला नसतो. ती कातकरी बोलीत बोलते, लिहिणारा भलतंच लिहितो. समोरचा वकील उलटतपासात तारीख विचारतो. आपण दिवस मोजतो ते भाताच्या लावणीवर, शिमग्यावर. ती गडबडते. मग सरकारी वकील कोर्टाला सांगतो, साक्षीदार फितूर झाली.

ती बाई फितूर नाही. रोजगार बुडवून, उपाशी पोटी ती कोर्टाच्या पायरीवर बसली होती. साक्षीच्या आधी तिच्याशी पंधरा मिनिटं बोलायला कोणाला वेळ झाला नाही, ही फितुरी कोणाची?

कायदा काय म्हणतो ते पाठ करून ठेवा. कलम १५-अ प्रमाणे खटल्याच्या प्रत्येक कामकाजाची, आरोपीच्या जामीन अर्जाचीसुद्धा, वेळेवर खबर मिळणं हा पीडिताचा हक्क आहे, आणि ती देण्याची जबाबदारी विशेष सरकारी वकिलावर किंवा शासनावर टाकलेली आहे. जामिनाच्या वेळी आपलं म्हणणं ऐकलं गेलंच पाहिजे. १९९५ च्या नियमांतला नियम ११ सांगतो की पीडिताला आणि साक्षीदाराला येण्याजाण्याचा खर्च आणि रोजचा भत्ता मिळाला पाहिजे, आणि तो भत्ता शेतमजुराच्या किमान वेतनापेक्षा कमी नको. नियम ४ सांगतो की विशेष सरकारी वकिलांच्या कामाचा आढावा वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घ्यायचा. त्याच नियमात असंही आहे की पीडिताची इच्छा असेल तर जिल्हा दंडाधिकारी ज्येष्ठ वकील नेमून देऊ शकतो, त्याच्या फीसकट. यातलं किती आपल्या वाडीपर्यंत पोचलं?

दळीवरच्या केसी

दुसरी गोष्ट वनखात्याच्या केसींची. डोंगरउतारावरच्या दळीवर आपल्या आज्यापणज्यांनी नाचणी-वरी पिकवली. त्याच जमिनीवर नांगर धरला म्हणून १९२७ च्या इंग्रजाच्या वनकायद्याखाली आपण आरोपी. ज्या कायद्याविरुद्ध २५ सप्टेंबर १९३० ला उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला आणि गोळीबारात आपला नाग्या महादू कातकरी पडला, तोच हा कायदा. नाग्याच्या स्मारकाला हार घालायला सगळे साहेब येतात. नाग्याच्या नातवाने राबाला चार फांद्या तोडल्या की त्याच्यावर केस होते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केलं की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. त्याच कायद्याचं कलम ४(५) सांगतं की दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कोणालाही ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवायचं नाही. मग ज्याचा दावा समितीपुढे पडून आहे त्याच्यावर त्याच तुकड्यासाठी 'अतिक्रमणा'चा खटला चालवायचा? म्हणजे एका कचेरीत आपण दावेदार आणि दुसऱ्या कचेरीत चोर!

आणि बघा, ही दोन्ही दारं एकाच वाड्याची आहेत. वनहक्काच्या जिल्हास्तरीय समितीचा अध्यक्ष जिल्हाधिकारी. ॲट्रॉसिटीच्या जिल्हा दक्षता समितीचा अध्यक्ष जिल्हाधिकारी. सत्र न्यायालयातल्या सरकारी वकिलांची यादी करणारा जिल्हाधिकारी. डाव्या हाताला उजवा हात काय करतो ते ठाऊक नाही, असं त्याला म्हणता येणार नाही.

खटला मागे घेता येतो. पूर्वी ते कलम ३२१ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३६० आहे. सरकारी वकिलाने स्वतः विचार करून अर्ज करायचा आणि कोर्टाने संमती द्यायची. पक्षांच्या आंदोलनांतले खटले मागे घ्यायचे शासन निर्णय मुंबईतून निघतात, तेव्हा हे कलम सगळ्यांना आठवतं. दळीवरच्या म्हाताऱ्याच्या वेळी का आठवत नाही? त्याने बस फोडली नाही, नाचणी पेरली.

हेच कलम उलटंही वापरलं जातं. शेठवरचा खटला मागे घ्यायचा घाट पडला तर नव्या कलमाप्रमाणे पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय कोर्टाला तशी परवानगी देता येत नाही. तेव्हा कोरा कागद पुढे करून "अंगठा दे" असं कोणी म्हटलं, तर अंगठा द्यायचा नाही.

आपल्यातलं थोडं

काही जण म्हणतील, कोर्टाच्या नादी लागून पोट भरतं का? मोर्चा काढू. मोर्चा काढूच. पण चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षं शेतं ओसाड ठेवली ती शेवटी कायद्यात कूळ म्हणून नाव लागावं याचसाठी ना? रस्त्यावर मिळवलेलं कागदावर उतरलं नाही तर ते पहिल्या पावसात वाहून जातं.

आणि एक कडू गोष्ट. खटला उभा असताना पाच-दहा हजार घेऊन अंगणात मिटवणारे आपल्यातही आहेत. एक घर मिटवतं आणि पुढच्या दहा घरांची वाट बंद होते. जे झालं तेवढंच सांगायचं, मीठ लावून सांगायचं नाही, आणि सांगितलं की पैशासाठी फिरायचं नाही. एवढं आपण पाळलं तरच सरकारी वकिलाला जाब विचारायचं तोंड आपल्याला राहतं.

आपण मागायचं काय

एक. साक्षीच्या तारखेआधी सरकारी वकिलाने साक्षीदाराला भेटावं, त्याचा जबाब वाचून दाखवावा, आणि कातकरी-ठाकरी बोली कळणारा माणूस सोबत असावा.

दोन. भट्टीच्या हंगामात समन्स नुसतं कुडाच्या दाराला लावून परत जाऊ नये. वाडीने दोन माणसं ठरवून त्यांची नावं कचेरीत लेखी द्यावीत. तारीख त्यांना कळवावी.

तीन. प्रवासखर्च आणि भत्ता तारखेच्या दिवशीच हातात पडावा.

चार. ज्यांचे वनहक्क दावे पडून आहेत त्यांच्यावरच्या वनकेसींची यादी ग्रामसभेने ठरावासह जिल्हाधिकारी आणि सरकारी वकील दोघांना द्यावी आणि खटले मागे घेण्याची मागणी करावी. दाव्याची पोच जोडायची विसरू नका.

पाच. जानेवारी आणि जुलैच्या आढाव्यात काय झालं ते दक्षता समितीत मांडावं. मांडलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाकायचा.

सहा. आरोपी सुटला तर "झालं, संपलं" असं नाही. ॲट्रॉसिटीच्या खटल्यात नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात अपील होतं. ते करणार की नाही, आणि नसेल तर का, हे लेखी मागायचं.

हे भीक म्हणून मागायचं नाही. सरकारी वकील आपल्यावर उपकार करत नाही. तो आपल्यावर रागावला आहे असंही समजू नका. त्याने आपल्याला कधी पाहिलेलंच नाही, फक्त फाईल पाहिली आहे. पुढल्या तारखेला एकट्या फिर्यादी बाईला पाठवू नका. वाडीतली पाच माणसं तिच्याबरोबर जा, त्याच्या दारात उभे राहा आणि विचारा, "साहेब, आमच्या केसमध्ये आज काय आहे?" उत्तर मिळेपर्यंत हलू नका.

कसेल त्याची जमीन, राखील त्याचं जंगल!