लाल फुली लाकडावरच राहू द्या

बोरिवलीतील एका परिचितांकडे गेलो होतो. निवृत्तीनंतर त्यांनी बंद गॅलरीत छोटे सीएनसी यंत्र मांडले आहे. संगणकावर नक्षी आखायची आणि यंत्र ती लाकडावर कोरते. पाटी नेमकी मधोमध कोरली जावी म्हणून त्यांनी फिरत्या कोरणीशेजारी लेझर पॉइंटर बसवला होता. काम कुठून सुरू होणार, हे लाल फुलीवरून कळते. ते कौतुकाने दाखवत असताना त्यांचा सात वर्षांचा नातू ‘हा उजेड येतो कुठून’ हे पाहायला खाली वाकला. मी त्याला खांद्याला धरून मागे ओढले. आजोबांना ते जरा अतिच वाटले.

ते अति नव्हते. लेझरचा किरण बल्बच्या उजेडासारखा पसरत नाही. डोळ्याचे भिंग तो दृष्टिपटलावर, म्हणजे रेटिनावर, सुईच्या टोकाएवढ्या जागी एकवटते. तिथे त्याची तीव्रता सुमारे लाखपट होते. रेटिनाला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा होताना काहीच दुखत नाही. नंतर वाचताना मधलेच अक्षर दिसत नाही किंवा सरळ रेघ वाकडी दिसते. असे झाले तर घरगुती थेंब घालत बसू नका, लगेच नेत्रतज्ज्ञ गाठा. या इजेवर खात्रीचा उपाय नाही.

२०२३च्या गणेश विसर्जनानंतर नाशिक, पुण्यातून लेझर झोतांमुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा आपण मिरवणुकांवर बोललो. घरातल्या लेझरकडे मात्र अजून खेळणे म्हणूनच पाहतो.

एक मिलिवॉटपेक्षा कमी शक्तीचा दृश्य लेझर ‘क्लास २’मध्ये येतो. प्रखर उजेडाने पापणी पाव सेकंदात मिटते, तेवढे संरक्षण इथे पुरते. पण मूल मुद्दाम टक लावून पाहते, तेव्हा ही ढाल उरत नाही. बाजारात सहज मिळणारे अनेक पॉइंटर पाच मिलिवॉटचे म्हणून विकले जातात. लेबलवरचा आकडा खरा असेलच असे नाही. हिरवा लेझर जास्त उजळ दिसतो म्हणून तो घ्यावा, हाही गैरसमज आहे. २०१० मध्ये अमेरिकेच्या ‘निस्ट’ या संस्थेला एका स्वस्त हिरव्या पॉइंटरमधून सुमारे २० मिलिवॉट अदृश्य अवरक्त किरण बाहेर पडताना आढळले होते. दिसत नसल्याने त्यांच्यापुढे पापणीही मिटत नाही. काही जण याच यंत्राला कोरीवकामासाठी पाच वॉटचे लेझर जोडतात. ते पाच मिलिवॉटच्या हजारपट असते. त्याच्या नुसत्या परावर्तित उजेडानेही इजा होऊ शकते. त्याला बंदिस्त खोकेच हवे.

छंद सोडा, असे मी म्हणणार नाही. लेझर ‘क्लास २’चाच घ्या, शक्यतो फुलीचा, कारण रेघेत प्रकाश विखुरतो. तो घट्ट, खाली तोंड करून बसवा. बटण दाबून धरले तरच पेटेल असे करा. जुळवणी झाली की बंद. चकचकीत पत्र्यावर किंवा पकडीवर किरण परततो, तिथे मॅट चिकटपट्टी लावा. वर्ग आणि शक्ती छापलेली नसेल, तर तो पॉइंटर विकत घेऊच नका.

आजोबांनी आता दाबायचे बटण लावले आहे आणि ते कपाटाच्या उंचीवर आहे. नातवाला फुली आजही दिसते, फक्त लाकडावर.