आधी मन, मग पावती

आमच्या इचोड्यात कापूस विकला की हातात पैसा येतो, तोवर उधारीच. तरी चर्चच्या बांधकामाला भर उपासनेत मोठा आकडा बोलला जातो, अन् तो भरायला काहीजण व्याजाने पैसे काढतात. याला विश्वास म्हणायचं? मला नाही पटत.

पौलाने करिंथकरांना मासेदोनियाच्या गरीब मंडळ्यांचं उदाहरण दिलं. त्यांनी आधी स्वतःला प्रभूला दिलं, मग दान. जवळ असेल त्या मानानेच द्यावं, हेही त्याच अध्यायात आहे.

आपल्याच तेलंगणातलं मेदकचं कॅथेड्रल 1924 साली समर्पित झालं. दुष्काळात लोकांना काम अन् अन्न देत ते उभं राहिलं.

म्हणून सांगतो, पाटीवर रकमा नकोत. पैसा नसेल त्याने एक दिवस विटा वाहाव्यात. कर्जाच्या विटेपेक्षा ती वीट पक्की.