नवं मशीन मागवण्याआधी टेबलाखाली वाका

शाळेचं ऑफिस घ्या, पतसंस्था घ्या, नाहीतर ग्रामपंचायत. समोर दाखल्यासाठी कामावर खाडा करून आलेला माणूस उभा असतो आणि त्याला सांगितलं जातं, "नेट गेलंय, उद्या या." त्याची दिवसाची मजुरी बुडते. दोष त्या जुन्या कॉम्प्युटरवर जातो, नाहीतर तो चालवणाऱ्या क्लार्कवर. माझी कळकळीची विनंती आहे: मशीन बदलायचा ठराव करण्याआधी नेमकं कुठे तुटतंय ते शोधा.

आधी शेजारच्या मशीनवर नेट चालतंय का बघा. तिथेही बंद असेल तर हा कॉम्प्युटर निर्दोष आहे. तिथे चालू असेल तर टेबलाखाली वाका. वायरच्या टोकाच्या पारदर्शक कनेक्टरला एक बारीक प्लास्टिकची पट्टी असते. आत घालताना ती 'टक्' वाजून अडकली पाहिजे. वर्षानुवर्षं झाडू आणि खुर्च्यांचे धक्के खाल्लेल्या वायरीची ही पट्टी हमखास मोडलेली सापडते. मग वायर लावलेली दिसते, पण पाय लागला की केसभर मागे सरकते. पोर्टजवळचा दिवा विझत असेल तर समजा चोर इथेच आहे. चिकटपट्टी लावून भागवू नका; कनेक्टर नवा बसवून घ्या किंवा वायरच बदला. ऑफिसच्या सगळ्या खर्चांत हा सर्वांत किरकोळ.

वायर धड असेल तर नेटवर्क स्विचचा, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या नेटच्या वायरी जिथे येतात त्या डबीचा, अ‍ॅडॅप्टर कुठे लावलाय ते पाहा. कॉम्प्युटर यूपीएसवर आणि स्विच मात्र भिंतीतल्या साध्या सॉकेटवर, असं फार ठिकाणी असतं. लाइट क्षणभर लपकली तरी स्विच बंद होऊन पुन्हा सुरू होतो, कॉम्प्युटर चालूच राहतो, आणि सगळ्यांना वाटतं की मशीन बिघडलं. स्विच आणि राउटर दोन्ही यूपीएसवर घ्या.

जेवणाच्या सुट्टीनंतरच नेट जात असेल, तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. नेटवर्क अ‍ॅडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू देण्याची खूण असते, ती काढा. आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. राउटर आणि मधली वायर तपासा. आणि नेट चालू असूनही सरकारी संकेतस्थळं 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नसतील, तर कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटणसेल संपला की घड्याळ मागे जातं, आणि प्रमाणपत्रांची मुदत जुळत नाही.

मशीन बदलायचं खरं कारण वेगळं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. लोकांच्या ठेवींचे आकडे ज्यावर आहेत ते मशीन सुरक्षा-अपडेटशिवाय चालवू नका, मग नेट कितीही सुरळीत असो.

नेटचा दोष सापडेपर्यंत कॉम्प्युटरशेजारी एक वही ठेवा. नेट किती वाजता गेलं, तेव्हा लाइट लपकली का, पोर्टचा दिवा चालू होता का, एवढंच लिहा. दुरुस्तीवाला आला की आधी ती वही त्याच्या हातात द्या.