मूळ संचात परत! पण मधल्या तेरा वर्षांचं काय?

मराठी नाटकांच्या जाहिराती वाचता ना तुम्ही? एखादं जुनं, गाजलेलं नाटक पुन्हा रंगभूमीवर आलं की त्याच्या नावाखाली दोन शब्द ठळक छापलेले असतात, ‘मूळ संचात’. तिकिटं या दोन शब्दांवर जातात. मध्ये कुणीतरी रिप्लेसमेंट म्हणून दोन-तीनशे प्रयोग इमानेइतबारे केलेले असतात, पण त्याचं नाव त्या जाहिरातीत नसतं.

२५ ऑक्टोबर २०२३ ला अमेरिकेतल्या ड्रीम थिएटर या प्रोग्रेसिव्ह मेटल बँडने जी घोषणा केली, ती साधारण अशीच होती. संस्थापक ड्रमर माइक पोर्टनॉय तेरा वर्षांनी परत येतोय, आणि माइक मँगिनी जातोय. (दोघंही माइकच, त्यामुळे पुढे आडनावांवरच भागवू.) त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनहून चाळिसाव्या वर्षाची टूर सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘पॅरासोम्निया’ हा सोळावा अल्बम आला. तरी वाद काही मिटलेला नाही. तुमच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये काळे टीशर्ट घातलेले दोन जण तावातावाने बोलत असतील तर जवळ जाऊन ऐका. विषय मँगिनी विरुद्ध पोर्टनॉय असण्याची शक्यता बरीच आहे.

ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे वीस-वीस मिनिटांची गाणी, मध्येच बदलणारी लय, सात किंवा नऊ मात्रांची चक्रं. तबला शिकला असाल तर रूपक आणि झपतालामुळे तुम्हाला हे आपल्यापेक्षा जास्त परकं वाटणाऱ्या अमेरिकन पोरांपेक्षा लवकर कळेल. अशा संगीतात ड्रमर नुसता ठेका धरून बसत नाही. गाणं कुठून कुठे जाणार, यात त्याचा मोठा हात असतो. म्हणून इथे ड्रमर बदलला की फॅन्स घरातलं माणूस गेल्यासारखे वागतात.

ड्रीम थिएटर १९८५ मध्ये बोस्टनच्या बर्कली कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये सुरू झाला. गिटारवर जॉन पेट्रुची, बेसवर जॉन मायंग आणि ड्रम्सवर पोर्टनॉय, तिघंही तिथले विद्यार्थी. पुढची पंचवीस वर्षं, दहा अल्बम पोर्टनॉय नुसता ड्रम वाजवत नव्हता. १९९९ पासून तो पेट्रुचीबरोबर अल्बमचा निर्माता होता, गाणी लिहीत होता, कुठल्या रात्री कुठली गाणी वाजणार हे ठरवत होता, जुनी रेकॉर्डिंग्ज फॅन्ससाठी बाहेर काढत होता. फॅन्सच्या बाजूने बँडमध्ये बसलेला माणूस, असं म्हटलं तरी चालेल.

२००९ च्या डिसेंबरमध्ये अव्हेंज्ड सेव्हनफोल्ड या बँडचा ड्रमर द रेव्ह वारला. पोर्टनॉय त्याचा आवडता ड्रमर, म्हणून बँडने त्यालाच बोलावलं. त्याने ‘नाइटमेअर’ अल्बमवर वाजवलं, टूरवर गेला आणि तिथे रमला. मग त्याने आपल्या बँडला सुचवलं की आपण जरा थांबूया, सगळेच दमलोय. बाकीच्यांना थांबायचं नव्हतं. सप्टेंबर २०१० मध्ये तो बाहेर पडला. वर्ष संपेपर्यंत अव्हेंज्ड सेव्हनफोल्डनेही त्याच्याबरोबरचं काम थांबवलं. मग त्याने ड्रीम थिएटरकडे परत येण्याबद्दल विचारलं, आणि उत्तर नकार आलं. तोवर मँगिनीची निवड झाली होती.

ती निवड कशी झाली, हे बँडने चित्रित करून दाखवलं. जगातले सात नावाजलेले ड्रमर न्यूयॉर्कला आले, मार्को मिनेमान, व्हर्जिल डोनाटी, थॉमस लँग अशी माणसं त्यात होती. मँगिनी तेव्हा बर्कलीत शिकवायचा. म्हणजे ज्या कॉलेजमधून बँड सुरू झाला तिथलाच मास्तर परीक्षेला बसला. पास झाला, शिकवणं सोडलं आणि जगातल्या सगळ्यात चोखंदळ, किंबहुना चिकित्सक फॅन्सच्या तोंडी गेला.

आता इथे माझी बाजू सांगून टाकते. मी या बँडकडे २०१९ च्या ‘डिस्टन्स ओव्हर टाइम’मुळे आले. माझ्यासाठी ड्रीम थिएटरचा ड्रमर मँगिनी आहे, पोर्टनॉय हा जुन्या अल्बममधला माणूस. ‘मूळ संच’ म्हणजे नेमका काय, या प्रश्नाची खरी गंमत इथे आहे. ज्याला आज सगळे मूळ संच म्हणतायत त्यातला गायक जेम्स लाब्री १९९१ मध्ये आला. पहिला अल्बम गायला होता चार्ली डॉमिनिसी. कीबोर्डवाला जॉर्डन रुडेस आला १९९९ मध्ये, त्याच्याआधी दोन कीबोर्डवाले होऊन गेले. म्हणजे पाचांतले दोन मूळचे नाहीतच! पण ज्या फॅन्सनी १९९९ ते २०१० या काळात बँड ऐकायला घेतला त्यांच्यासाठी तो संच मूळ झाला. आपण अकरावी-बारावीत पहिल्यांदा जो संच ऐकतो, तो आपला मूळ. बाकी सगळे रिप्लेसमेंट.

मँगिनीवर झालेली टीका मी बरीच ऐकली आहे. त्यातली निम्मी त्याच्या वाट्याची नाहीच. २०१३ च्या अल्बममधला स्नेअरचा आवाज कानाला टोचतो, मान्य. पण अल्बमचं मिक्सिंग ड्रमर करत नाही. २०११ च्या अल्बमवर त्याची छाप दिसत नाही, म्हणतात. दिसणार कशी? गाणी लिहिली गेली तेव्हा तो खोलीत नव्हता. ड्रम्सचे कच्चे आराखडे पेट्रुचीने कॉम्प्युटरवर करून ठेवले होते, ते घेऊन मँगिनीने आपल्या पद्धतीने वाजवले. २०१६ चा दोन तासांहून लांब ‘द अस्टॉनिशिंग’ अनेकांना झेपला नाही. त्याची गोष्ट आणि शब्द पेट्रुचीचे, संगीत पेट्रुची आणि रुडेसचं. पाचही अल्बमचा निर्माता पेट्रुची. पोर्टनॉय गेला तेव्हा त्याच्या दोन नोकऱ्या रिकाम्या झाल्या होत्या, ड्रमरची आणि निर्मात्याची. मँगिनीला त्यातली एकच मिळाली, शिव्या मात्र दोन्हींच्या.

आणि श्रेय? बँडचं पहिलं ग्रॅमी नामांकन २०१२ चं, पहिला ग्रॅमी पुरस्कार २०२२ चा, ‘द एलियन’ या गाण्यासाठी. दोन्ही वेळा ड्रम्सवर मँगिनी.

नुसत्या मतांवर भांडण्यापेक्षा एक प्रयोग करून बघा. २०२१ चा ‘अ व्ह्यू फ्रॉम द टॉप ऑफ द वर्ल्ड’ आणि २०२५ चा ‘पॅरासोम्निया’ लागोपाठ ऐका, हेडफोन लावून. दोन्ही लाँग आयलंडवरच्या बँडच्या स्वतःच्या स्टुडिओत झाले, दोन्हींचा निर्माता पेट्रुची, दोन्हींचं मिक्सिंग अँडी स्नीपचं. बदललाय फक्त ड्रमर. मला जे ऐकू येतं ते असं: मँगिनी गणित सोडवतो, पोर्टनॉय गप्पा मारतो. मँगिनीचे हात-पाय चार वेगळ्या हिशोबांत चालतात आणि सगळे बरोबर समेवर येतात. चूक शोधून सापडत नाही. पोर्टनॉय काय वाजवणार याचा अंदाज अर्धा सेकंद आधी येतो, आणि तो तसंच वाजवतो, तरी मान डोलते. ‘पॅरासोम्निया’तलं शेवटचं एकोणीस मिनिटांचं गाणं ऐकताना मलाही पटलं की पेट्रुची आणि पोर्टनॉय यांच्यात शाळेतल्या मित्रांसारखं काहीतरी आहे, जे ऑडिशन घेऊन मिळत नाही. निर्णय कलेच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे. ‘चूक दुरुस्त झाली’ असं जे म्हटलं जातंय त्यावर माझा आक्षेप आहे. मँगिनी चूक नव्हता.

मग हा निर्णय झाला कुठे? फॅन्स ज्याला ‘साइड प्रोजेक्ट’ म्हणून बाजूला ठेवतात, तिथे. या बँडचा इतिहास उलगडला की दर वेळी तेच दिसतं.

१९९७ मध्ये पोर्टनॉयने लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंट नावाचा वाद्यसंगीताचा प्रकल्प काढला. गिटारवर पेट्रुची, बेसवर किंग क्रिमसनचा टोनी लेव्हिन आणि कीबोर्डवर जॉर्डन रुडेस. ड्रीम थिएटरचा अधिकृत कीबोर्डवाला तेव्हा डेरेक शेरिनियन होता, आणि तो या खोलीत नव्हता. दोन अल्बम झाले, सूर जुळले, आणि १९९९ मध्ये शेरिनियन बाहेर, रुडेस आत. मँगिनीचंही तसंच. ऑडिशन झाली हे खरं, पण लाब्रीच्या स्वतंत्र अल्बमवर तो १९९९ पासून वाजवत होता. म्हणजे बँडचा गायक त्याला दहा-अकरा वर्षं ओळखत होता.

२०२० चा उन्हाळा, कोव्हिड, जगभरातल्या टूर बंद. पेट्रुचीच्या ‘टर्मिनल व्हेलॉसिटी’ या सोलो अल्बमवर ड्रम्स वाजवले पोर्टनॉयने. त्याच उन्हाळ्यात लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंट वीस वर्षांनी अल्बमसाठी पुन्हा जमलं आणि रेकॉर्डिंग झालं ते ड्रीम थिएटरच्याच स्टुडिओत. विचार करा, मँगिनी ज्या बँडचा सदस्य त्या बँडच्या घरात, त्याचे दोन सहकारी त्याच्या आधीच्या ड्रमरबरोबर अल्बम करतायत. नाव साइड प्रोजेक्टचं, म्हणून कुणी त्याला विश्वासघात म्हणत नाही. तो होताही असं मी म्हणत नाही. या लोकांची नाती तशीही गुंतलेली आहेत: पेट्रुची, मायंग आणि पोर्टनॉय या तिघांच्या बायका मीनस्ट्रीक या एकाच थ्रॅश बँडमध्ये वाजवायच्या! दिवाळीला एकत्र येणाऱ्या घरांमध्ये भांडण किती दिवस टिकणार? २०२२ मध्ये पोर्टनॉय आणि लाब्रीही बोलायला लागले. पुढच्या वर्षी घोषणा झाली. आपण सगळे मुख्य बँडच्या बातम्यांवर नजर ठेवून होतो, आणि दार मागच्या बाजूने उघडलं होतं.

सगळ्याच बँडचं असं होत नाही. २००९ च्या मूड इंडिगोला पवईत पॉर्क्युपाइन ट्री वाजवून गेला, त्याच्या आठवणी सांगणारे सीनियर्स अजून भेटतात. तो बँड पुढच्याच वर्षी थांबला. २०२१ मध्ये परतल्याची घोषणा झाली तेव्हा बेसवाला कॉलिन एडविन त्यात नव्हता. नव्या अल्बमवर बेस बहुतेक ठिकाणी स्टीव्हन विल्सननेच वाजवला. सतरा वर्षं बेस वाजवलेल्या माणसाशिवायही ते पॉर्क्युपाइन ट्रीच. पवईत त्याला स्टेजवर बघितलेल्यांना विचारा, त्यांचा मूळ संच कोणता.

पुन्हा ड्रीम थिएटरकडे. नव्या टूरवर पोर्टनॉयने मँगिनीच्या काळातली ‘बारस्टूल वॉरियर’ आणि ‘धिस इज द लाइफ’ ही गाणी वाजवली. ती नाही वाजवली तरी कुणी जाब विचारला नसता. मला ते आवडलं.

आणि एक माणूस घरी परतला की तो जिथून उठून आला तिथल्या खुर्च्यांचं काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. बाहेरच्या तेरा वर्षांत पोर्टनॉयने बँडची रांग लावली होती. त्यातल्या सन्स ऑफ अपोलोमध्ये कीबोर्डवर होता तोच, १९९९ मध्ये बाहेर पडलेला शेरिनियन. २०२० च्या दुसऱ्या अल्बमनंतर तो बँड कोव्हिडमध्ये थंडावलाच होता, आता उरलीसुरली आशाही गेली. शेरिनियनने गिटारिस्ट बंबलफूटला बरोबर घेऊन व्हॉम गॉड्स डिस्ट्रॉय नावाचा नवा बँड काढला, मार्च २०२४ मध्ये अल्बमही आणला. वर्षानुवर्षं पोर्टनॉयबरोबर काम करणाऱ्या नील मोर्सने नॅशव्हिलच्या आसपासची तरुण पोरं गोळा केली आणि त्यांच्याबरोबर त्याच वर्षी ‘नो हिल फॉर अ क्लाइंबर’ काढला. वाइनरी डॉग्जचा रिची कोट्झेन आयर्न मेडनच्या एड्रियन स्मिथबरोबरच्या आपल्या दुसऱ्या जोडीकडे वळला, त्यांचा नवा अल्बम २०२५ मध्ये आला. शेरिनियनचा अल्बम आधी ऐका. त्याचं नाव ‘इन्सेनियम’.