माग नवे, मांडणी जुनी

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने इचलकरंजीला गेलो होतो. दुपारची जेवणे उरकली, सुपारीचे तबक फिरले आणि पुतण्या म्हणाला, 'काका, कारखान्यावर चला की. नवीन माग तुम्ही अजून बघितलेले नाहीत.'

इचलकरंजीत 'कारखाना' म्हणजे धुराडे आणि भोंगा नव्हे. पत्र्याची एक लांबट शेड आणि तिच्यात दाटीवाटीने मांडलेले माग, इतकाच तो पसारा. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून इथल्या कितीतरी घरांचा चरितार्थ अशाच शेडमध्ये चालत आला आहे. माझ्या थोरल्या भावाचे आठ साधे माग होते. धोटा आपटत इकडून तिकडे जायचा आणि शेजारच्याशी बोलायचे तर त्याच्या कानाला तोंड लावावे लागायचे. त्या जागी आता बारा रेपियर माग उभे आहेत. परदेशात वापरून झालेले, कर्ज काढून आणलेले. धोटा गेला, म्हणून कांडी गेली, आणि भिंतीशी बसून कांड्या भरणाऱ्या बायकाही गेल्या.

पण बारांपैकी चार माग बंद होते. विचारले तर पुतण्या म्हणाला, 'एकाचा ताणा तुटलाय, दोन फिटरची वाट बघतायत आणि चौथ्याला बीम नाही.'

'फिटर कुठे आहे?'

'तो आमचा एकट्याचा नाही, काका. सहा कारखान्यांत फिरतो. संध्याकाळपर्यंत येईल.'

कापडात दोष निघाला की व्यापारी पैसे कापतो. विणणारा म्हणतो, सायझिंग कच्चे आहे. सायझिंगवाला म्हणतो, सूत वाईट आहे. फिटर म्हणतो, माग नीट वापरत नाहीत. पाळी बदलताना बिघडलेला माग तसाच पुढच्याच्या गळ्यात पडतो. 'माग चांगला आहे हो,' पुतण्या म्हणाला, 'पण त्यातनं जेवढं निघायला पाहिजे तेवढं निघतच नाही. कुणाला धरायचं तेच कळत नाही.'

मी तीस वर्षे वाणिज्य महाविद्यालयात शिकवले. औद्योगिक व्यवस्थापनाच्या तासाला अहमदाबादच्या एका प्रयोगावर दरवर्षी दोन वाक्ये बोलायचो आणि परीक्षेला येत नाही म्हणून पुढे सरकायचो. त्या शेडमध्ये, चार बंद मागांपुढे उभा असताना ती दोन वाक्ये आठवली आणि इतकी वर्षे आपण काय गाळून शिकवले, तेही ध्यानात आले.

गोष्ट अहमदाबादच्या कॅलिको मिलची आहे. १९५२ साली तिथे स्वयंचलित माग बसवले गेले. कांडी संपली की माग आपणच नवी घेणार, धागा तुटला की आपणच थांबणार. मालकांची अपेक्षा साहजिकच मोठी होती. प्रत्यक्षात उत्पादन वाढेना आणि खराब कापडाचे प्रमाण कमी होईना. यंत्र निर्दोष होते, कामगार अनुभवी होते. मग चुकत काय होते?

मिलचे अध्यक्ष गौतम साराभाई यांनी १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटमधून ए. के. राइस नावाच्या संशोधकाला बोलावले. यंत्रतज्ज्ञाला नव्हे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. राइसने माग उघडून पाहिले नाहीत, माणसे कशी उभी आहेत ते पाहिले. त्या खात्यात २२४ माग होते, २९ माणसे होती आणि कामे तब्बल १२ प्रकारची. साध्या मागावरचा विणकर बहुतेक कामे आपल्या हाताने करायचा. नव्या पद्धतीत त्याच कामाचे तुकडे पाडले गेले होते. विणकराने फक्त तुटलेला धागा जोडायचा. कांड्या भरणारा निराळा, एकदम खूप धागे तुटले तर ते सांधणारा निराळा, नवा बीम चढवणारा निराळा. तेल घालणारा आणि झाडणारा हेही निराळेच.

कागदावर हे काटेकोर होते. विणकर ८, कांड्या भरणारे ५, मोठी तूट सांधणारे ३, बीम चढवणारे २. आता भागाकार करून पाहा. एका विणकराच्या वाट्याला पाच-अष्टमांश कांड्या भरणारा, तीन-अष्टमांश सांधणारा आणि पाव बीम चढवणारा! असा पाव माणूस कुणाचा सोबती कसा होणार? प्रत्येकाच्या मागांची हद्द वेगळी असल्याने कोणत्याही दोघांचे काम सारख्या मागांवर नव्हते. माग बंद पडला की तो नेमका कुणाचा, या प्रश्नाला त्या खात्यात उत्तरच नव्हते.

पुतण्याचा सहा कारखान्यांत वाटला गेलेला फिटर आठवा. तो म्हणजे एक-षष्ठांश माणूसच.

हे राइसला कुठून सुचले, तेही सांगितले पाहिजे. टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट १९४६ मध्ये, महायुद्ध संपताच उभी राहिली. ब्रिटनच्या कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९४७ ला झाले. खाणीत यंत्रे आली, तरी कोळसा अपेक्षेइतका निघेना आणि गैरहजेरी वाढत चालली. एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ या दोघांनी त्याचा अभ्यास करून १९५१ मध्ये निष्कर्ष छापले. यातला बॅमफर्थ स्वतः कोळसा खणलेला माणूस होता. पूर्वी दोघा-तिघांची जोडी एका जागी सगळे काम करायची आणि सोबती स्वतः निवडायची. यंत्र आल्यावर एका पाळीने नुसते कापायचे, दुसरीने यंत्रणा पुढे सरकवायची आणि तिसरीने कोळसा भरायचा, अशी वाटणी झाली. पहिल्या पाळीची चूक तिसरीच्या माथी येई आणि चूक करणारा तोवर घरी पोचलेला असे. यॉर्कशायरच्या एका खाणीत मात्र खाणकामगारांनी आपल्याच बुद्धीने नव्या यंत्राला जुन्या जोडीची पद्धत जोडली होती आणि तिथे काम उत्तम चालले होते. ट्रिस्टने पुढे नमूद केले आहे की, वरिष्ठांना त्या यशाचा गवगवा नको होता. (वरिष्ठ सगळीकडचे सारखेच!)

तर अहमदाबाद. राइसने सुचवले ते साधे होते. काही मागांचा एक गट, त्या मागांची सगळी कामे करणारी सातएक माणसे, आणि गटाची जबाबदारी गटाची. कामांच्या नावांची आणि मजुरीच्या पायऱ्यांची गर्दी त्यासाठी कमी करावी लागणार होती. ही कल्पना खात्यात चर्चेला गेली आणि व्यवस्थापन आपला आराखडा नीट करते न करते तोच कामगारांनीच कोण कुणाबरोबर काम करणार ते ठरवून टाकले. पहिल्या काही आठवड्यांत चढउतार झाले. पण घडी बसल्यावर मागांची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. माग तेच होते आणि माणसेही तीच.

या प्रयोगाची जमीन आधी नांगरलेली होती, हे विसरून चालणार नाही. १९१८ च्या गांधीजींच्या संपातून आणि अनसूयाबेन साराभाईंच्या कामातून १९२० मध्ये मजूर महाजन ही संघटना उभी राहिली होती. मालकाशी बसून बोलण्याची सवय त्या शहरात रुजलेली होती. १९४७ मध्ये विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने गिरण्यांनी 'अटिरा' ही स्वतःची संशोधन संस्था काढली. तिथे सुताच्या मजबुतीबरोबर कामगारांच्या मनाचाही अभ्यास व्हावा म्हणून कमला चौधरींचा मानसशास्त्र विभाग होता. कापड गिरण्यांच्या पैशाने मानसशास्त्र विभाग! आजही ही कल्पना धाडसाचीच वाटेल.

आता दुसरी बाजू. १९७० मध्ये टॅव्हिस्टॉकचाच एरिक मिलर पुन्हा अहमदाबादला आला. गटपद्धत सुरू केलेल्या चार ठिकाणांपैकी एकाच ठिकाणी ती सतरा वर्षे जवळपास जशीच्या तशी टिकून होती. इतरत्र बाजाराचा ताण वाढला, वरून दडपण आले, पर्यवेक्षक गटाच्या कामात हात घालू लागले आणि हळूहळू जुनी पद्धत परतली. पुढे १९८० आणि १९९० च्या दशकांत तर अहमदाबादच्या गिरण्याच एकामागून एक बंद पडल्या. संशोधनाने खात्यातला प्रश्न सोडवला. गिरणी राहणार की जाणार हा प्रश्न खात्याच्या बाहेर, बाजारात आणि धोरणात ठरत होता.

त्या गिरण्यांचे कापड बाजारातून हटवले कुणी? बऱ्याच अंशी आम्हीच. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांनी. आमच्याकडे कामगार संघटित नव्हता, पाळी बारा तासांची होती आणि मजुरी मीटरवर होती. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरणगावातले साचे थंडावले, तेव्हा इचलकरंजीचे माग रात्रंदिवस चालत होते. माझ्या भावाने शेवटचे दोन माग त्याच सुमारास घेतले. स्वस्त कामाची जी सोय तेव्हा आमच्या पथ्यावर पडली, तीच आज महाग मागाच्या आड येते आहे, असे मला त्या दुपारी वाटले.

शासनाने काही केले नाही असे नाही. १९९९ मध्ये तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आली आणि रूप बदलत २०२२ पर्यंत चालली. साध्या मागाला धागा तुटताच थांबण्याची सोय बसवायलाही अनुदान मिळाले. २०१७ मध्ये 'पॉवरटेक्स इंडिया' आली, तिच्यात सूत बँक होती, गटशेड होती. मी या योजनांना नावे ठेवणार नाही, त्यांच्याशिवाय पुतण्याच्या पिढीला यंत्र बदलण्याचे धाडस झाले नसते. पण या पैशाचा मोठा ओघ लोखंडाकडे गेला. त्या लोखंडाभोवती माणसे कशी उभी करायची, हे पाहायला चार महिने शेडमध्ये बसणारा अभ्यासक कुणाच्या अंदाजपत्रकात बसला नाही. कायदासुद्धा बदलाकडे नोटिशीच्या नजरेने पाहतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात सेवाशर्ती बदलण्याआधी २१ दिवसांची नोटीस होती, आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या नव्या संहितेतही ती आहे. नोटीस देणे म्हणजे विचारणे नव्हे.

आपल्याकडे वस्त्रशास्त्र शिकवणाऱ्या संस्था आहेत, खुद्द इचलकरंजीत आहे. दरवर्षी मुलांचे प्रकल्प होतात. त्यातले निम्मे जरी एखाद्या बाराच माग असलेल्या शेडमध्ये, पाळी बदलण्याच्या वेळी झाले, तर त्या मुलांना आणि मालकांना पुस्तकात नसलेले काहीतरी मिळेल. त्यासाठी लंडनहून माणूस आणण्याची गरज नाही. बॅमफर्थसारखी, मागावर हात काळे केलेल्या घरातली मुले त्याच वर्गात बसलेली आहेत.

हे सगळे मी पुतण्याला परतीच्या आधी सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि नेमकी नस धरली. 'काका, विणणाऱ्याची मजुरी मीटरवर, वहिफणीवाल्याची बीमवर आणि फिटरचा महिना ठरलेला. गट करायचा तर कुणाच्या खिशातलं काढून कुणाला देऊ?' माझ्याजवळ उत्तर नव्हते. म्हटले, मला विचारू नकोस, त्यांना विचार.

त्याने विचारले. गेल्या आठवड्यात फोन आला. दिवसपाळीची माणसे चार-चार मागांवर मिळून काम करायला तयार आहेत. फिटरच्या हाताखाली किरकोळ दुरुस्ती शिकून घेऊ, म्हणजे माग संध्याकाळपर्यंत अडून राहणार नाही, असे त्यातल्या एकाने आपणहून सांगितले. रात्रपाळी मात्र ऐकायला तयार नाही. कापडात दोष निघाला तर मजुरी कुणाची कापणार, ते आधी लिहून द्या, म्हणतात. तो कागद काका तुम्हीच करून पाठवा, असे पुतण्याचे म्हणणे आहे. दोन दिवस मी त्याच्यापुढे बसलो आहे, आणि दोन मसुदे फाडून झाले आहेत.