गुण पोराचा, पैसा कुणाचा?

रविवारी सकाळी बोरिवली किंवा मुलुंड स्टेशनवर जरा उभं राहून बघा. जवळजवळ स्वतःएवढीच किटबॅग पाठीवर घेतलेली पोरं आणि त्यांच्यामागे डबा, पाण्याची बाटली सांभाळत चाललेल्या आया हमखास दिसतात. आझाद मैदान नाहीतर शिवाजी पार्क गाठायचं असतं. मे महिन्यात तर ही गर्दी आणखी वाढते. मग सोसायटीच्या बाकावर वाद ठरलेला. एक म्हणते, 'अहो, अंगात असलं की झालं! पैशानं कुठं खेळाडू होतो?' दुसरी म्हणते, 'एकदा चांगल्या बॅटची किंमत विचारून या, मग बोला!'

मैत्रिणींनो, दोघींचंही खरं आहे. गुण विकत मिळत नाही. लाखभर रुपये फी भरून, खासगी कोच लावूनही ज्याची नजर चेंडूवर बसत नाही, त्याची बसत नाही. उलट त्या पोराला खेळाचाच कंटाळा येतो. पण पैसा एक गोष्ट नक्की विकत घेतो, ती म्हणजे वाट बघण्याची सोय. खात्यापित्या घरातला मुलगा दोन मोसम अपयशी ठरला तरी तिसऱ्या वर्षी परत नेटमध्ये उभा राहू शकतो. गरिबाच्या पोराला मात्र पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी डोळ्यांत भरावं लागतं. नाही भरला, तर संपलं.

वस्तीत अभ्यासवर्ग घेताना हे मी जवळून बघते. तेरा वर्षांचा एक मुलगा टेनिस बॉलवर असा काही गोलंदाजी करायचा, की मोठी मुलंही त्याला बिचकून असायची. एका शिबिरात घेतलंही त्याला. पण सराव दुपारी चारचा, आई तेव्हा धुण्याभांड्याच्या कामावर, घरात लहान बहीण. वर बूट, पास, मॅचच्या दिवशीचं खाणं. चार महिन्यांत सुटलं सगळं. त्याच्या अंगात गुण नव्हता असं कोण म्हणेल? मुलींचं तर याहून लवकर सुटतं. सोबत कोण जाणार, मैदानावर बाथरूम आहे का, इथंच विषय संपतो.

हा खर्च नेहमी नोटांत मोजता येतो असंही नाही. अजिंक्य रहाणेनं डोंबिवलीतल्या लहानपणाच्या आठवणी सांगितल्या आहेत. रिक्षा परवडायची नाही, म्हणून आई धाकट्या भावाला कडेवर घेऊन आणि त्याची किटबॅग उचलून सरावाला चालत न्यायची. त्या पायपिटीची पावती कोण देणार? जेमिमा रॉड्रिग्ज मूळची आपल्या भांडुपची. खेळाच्या सोयी मिळाव्यात म्हणून तिचं घर वांद्र्याला हललं, वडिलांनी स्वतः कोचिंग केलं. ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत तिनं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या आणि भारताला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेलं. तीन दिवसांनी कपही आपला झाला. गुण तिचा, कष्टही तिचेच. पण मुलीच्या खेळासाठी राहतं घर बदलणारी घरं आपल्या ओळखीत किती, सांगा बरं!

मग ज्यांच्या घरी ना पैसा, ना घर बदलण्याची ऐपत, त्यांनी काय करायचं? याचं उत्तर बोरिवलीतच आहे. रोहित शर्माचे आईवडील डोंबिवलीत एका खोलीत राहायचे आणि तो बोरिवलीत आजी-आजोबा, काकांकडे. १९९९ मध्ये काकांच्या पैशांवर तो एका शिबिरात गेला. तिथं कोच दिनेश लाड यांनी त्याला हेरलं आणि स्वामी विवेकानंद शाळेत यायला सांगितलं. फी झेपणारी नव्हती. लाड सरांनी शाळेकडे शब्द टाकला, फी माफ झाली. तेव्हा तो ऑफस्पिन टाकायचा, फलंदाजी नंतर बहरली. म्हणजे त्याला वेळ मिळाला, तो फुकट शिकता आलं म्हणून! २०२४ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक उचलणाऱ्या कप्तानामागे ही माफ झालेली फी उभी आहे.

क्रिकेट राहू द्या, नेमबाजी घ्या. रायफल, गोळ्या सगळंच महाग. तरी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या शिक्षकाच्या मुलानं, स्वप्नील कुसाळेनं, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ आणलं. २००९ मध्ये वडिलांनी त्याला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं होतं. पुढे रेल्वेची नोकरी मिळाली. घरच्यांनी खस्ता खाल्ल्याच, पण सगळा भार एकट्या घरावर पडला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. पैसा लागतोच. पण तो त्या पोराच्याच घरातला असला पाहिजे, असं कुठं लिहिलंय? शाळेनं दरवर्षी दोन मुलांची फी माफ केली तर शाळा बुडत नाही. सोसायट्यांच्या माळ्यांवर लहान झालेले बूट, पॅड, बॅटी धूळ खात पडल्या आहेत, त्या खाली काढू या. महिला मंडळानं हळदीकुंकवाच्या वाणातले चार पैसे वाचवून एका मुलीचा वर्षाचा लोकलचा पास काढावा. आपण आपल्या लेकाला मैदानावर नेतोच आहोत, तर जाताना कामवाल्या ताईंच्या लेकीलाही सोबत नेलं तर काय बिघडलं? सोबतीला कुणी नाही म्हणून घरी बसलेल्या मुलीला तेवढंही पुरतं.